जुन्या हायब्रिड मोटारगाडीची दोषपरीक्षा : रत्नागिरी जिल्ह्याच्या हवापाण्याच्या अनुरोधाने

जुनी मोटारगाडी पारखून घेण्याची एक रीत आपल्याकडे रूढ झालेली आहे. माहितगार मेस्त्री बरोबर न्यावा, त्याने इंजिन चालू करून कान लावावा, धुराचा रंग पाहावा, तेलाची कांडी काढून तेल बोटांवर घासून पाहावे, क्लच आणि गिअर चाचपावेत व एक लहानशी फेरी मारून आपला कौल द्यावा. ही रीत अनुभवाने सिद्ध झालेली आहे आणि साध्या पेट्रोल वा डिझेल गाडीच्या बाबतीत ती बहुतांशी पुरेशीही पडते. परंतु हायब्रिड गाडीस हीच रीत लावली असता कौल चुकण्याचा संभव मोठा असतो. आणि तो चुकतो तो मेस्त्रीच्या अज्ञानामुळे नव्हे, तर गाडीच्या घडणीमुळे.

हायब्रिड गाडीत चाके फिरविणाऱ्या दोन शक्ती असतात : एक पेट्रोलचे इंजिन व दुसरी बॅटरीवर चालणारी विजेची मोटर. या दोहोंची सांगड घालण्याचे काम गाडीतील संगणक करतो. बॅटरी दुबळी झाली की तो इंजिनास अधिक वेळ चालवितो. इंजिन कुचराई करू लागले की मोटरकडून अधिक काम घेतो. चालविणाऱ्यास मात्र गाडी पूर्वीप्रमाणेच धावताना दिसते. म्हणजे साध्या गाडीत जो दोष आवाज करून, धूर सोडून वा धक्के देऊन स्वतःची वार्ता देतो, तोच दोष हायब्रिड गाडीत दुसऱ्या शक्तीच्या आड लपून राहतो, आणि ही दुसरी शक्तीही थकली म्हणजे एकाएकी प्रकट होतो. म्हणून या गाडीच्या परीक्षेचे मुख्य सूत्र असे की, प्रत्येक शक्ती दुसरीच्या साहाय्यावाचून काम करीत असेल असा प्रसंग शोधावा आणि त्या प्रसंगी तिला पाहावे. प्रस्तुत लेखात हे सूत्र धरून नेहमी आढळणाऱ्या दोषांचा विचार केला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खारी हवा, पाऊस, घाट आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी या चार गोष्टींमुळे येथील ग्राहकास जे विशेष पाहावे लागते, त्यावर भर दिला आहे.

१. गाडी कोणत्या जातीची ?

हायब्रिड या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळ्या घडणीच्या गाड्या विकल्या जातात, आणि पहिला घोटाळा येथेच होतो. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस विक्रीस आली, तेव्हापासून या गाड्यांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ साली, प्रियस २०१० साली व बिडदी येथील कारखान्यात जुळविलेली कॅमरी हायब्रिड २०१३ साली आली. या गाड्या महाग असल्याने त्यांची संख्या मर्यादित राहिली. सामान्य मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात हा प्रकार खऱ्या अर्थाने आला तो २०२२ सालापासून. त्या वर्षी होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर व मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा या गाड्या निघाल्या. पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आणि २०२३ साली मारुती इन्व्हिक्टो आली. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात याच पिढीतील गाड्या दिसू लागल्या आहेत.

या सर्व पूर्ण हायब्रिड गाड्या होत; म्हणजे त्या काही अंतर केवळ मोटरवर चालू शकतात. याउलट मारुतीने २०१५ सालापासून सियाझ व अर्टिगा या गाड्यांत एसएचव्हीएस नावाची जी योजना बसविली, ती सौम्य हायब्रिड होय. तीत पट्ट्याने इंजिनास जोडलेला एक जनित्र-स्टार्टर असतो. तो इंजिनास हातभार लावतो, परंतु एकट्याने गाडी ओढीत नाही. शिवाय ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्या सौम्य व पूर्ण अशा दोन्ही प्रकारांत निघाल्या आहेत. विक्रेता नुसते ‘हायब्रिड आहे’ म्हणाला, तर त्यावर विसंबू नये. नोंदणीपुस्तकातील प्रकार पाहावा, आणि गाडी इंजिनावाचून पुढे सरकते किंवा नाही हे प्रत्यक्ष पाहावे. सौम्य हायब्रिडमध्ये पट्टा, जनित्र व लहान बॅटरी एवढेच विशेष तपासावयाचे असते. पुढील बहुतेक विवेचन पूर्ण हायब्रिडला अनुलक्षून आहे.

२. मुख्य बॅटरी

ग्राहकाच्या मनात सर्वांत मोठी धास्ती मुख्य बॅटरीची असते, आणि ती अगदीच निराधार नाही. ही बॅटरी म्हणजे अनेक लहान घटांची माळ असते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसचे उदाहरण घ्यावे. तीत १.२ व्होल्टचा एक असे १६८ घट एकामागून एक जोडलेले असून त्यांची बेरीज २०१.६ व्होल्ट होते. ज्याप्रमाणे साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, त्याप्रमाणे या माळेची ताकद तिच्यातील सर्वांत दुबळ्या घटाइतकी असते. एक घट निकामी झाला तरी बाकीचे १६७ चांगले असूनही संपूर्ण बॅटरीच्या वागण्यात बिघाड होतो.

दुबळ्या बॅटरीचे लक्षण ओळखण्यास गाळाने भरलेल्या तळ्याचा दृष्टान्त उपयोगी पडेल. असे तळे एका पावसात काठोकाठ भरते आणि चार दिवसांच्या उन्हात कोरडे पडते. पाणी पुष्कळ आहे असे भरल्यावेळी वाटते, पण साठवण उरलेली नसते. बॅटरीचेही तसेच आहे. गाडीच्या पडद्यावर बॅटरीतील साठा दाखविणारे चित्र असते. सड्यावरील सपाट रस्त्यावर गाडी संथपणे चालवीत असताना हा साठा झपाट्याने वर चढू लागला व तितक्याच झपाट्याने खाली येऊ लागला, तर साठवण घटली आहे असे समजावे. निरोगी गाडीत हा चढउतार सावकाश होतो. इंजिन वरचेवर आणि विनाकारण चालू होणे, तसेच बॅटरीच्या पंख्याचा आवाज थंड वेळीही मोठा येणे, ही आणखी दोन लक्षणे.

मात्र ही परीक्षा घाटात करू नये. १,३०० किलोग्रॅम वजनाची गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १.०६ किलोवॅट-तास इतकी ऊर्जा मोकळी होते. हायरायडरसारख्या गाडीतील बॅटरीची एकूण साठवण केवळ ०.७६ किलोवॅट-तास आहे, आणि आयुष्य वाढावे म्हणून त्यातील काही भागच वापरात आणला जातो. मोकळ्या झालेल्या ऊर्जेपैकी निम्मी हवेचा रोध व घर्षण यांत गेली, तरी उरलेली निम्मी बॅटरी भरून टाकण्यास पुरते. म्हणून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना नव्या गाडीचीही बॅटरी अर्ध्या वाटेवर भरते, आणि मग इंजिन पेट्रोलावाचून नुसतेच वेगाने फिरू लागून गाडीस आवरते. हा आवाज ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. तो दोष नसून योजना आहे.

डोळ्यांच्या परीक्षेपेक्षा खात्रीची परीक्षा स्कॅनरची होय. गाडीच्या संगणकास स्कॅनर जोडला असता बॅटरीतील घटांच्या गटागटाचा दाब वाचता येतो. प्रियसमध्ये असे १४ गट असतात. गाडी उभी असताना सर्व गट सारखे दिसतात. म्हणून एक जण गाडी चालवीत असता दुसऱ्याने हे आकडे पाहावेत. वेग घेताना एखादा गट इतरांपेक्षा सुमारे एक व्होल्टने खाली जात असेल, तर त्या गटातील एक घट मेला आहे असा संशय घेण्यास पुरेसा आधार मिळतो. कारण एका घटाचा दाबच १.२ व्होल्ट असतो. लिथियम जातीच्या बॅटरीत घटाचा दाब निराळा असतो, परंतु तत्त्व तेच : निरनिराळ्या घटांतील विषमता हे रोगाचे चिन्ह होय.

येथे एका पळवाटेचा उल्लेख करणे अवश्य आहे. काही ठिकाणी संपूर्ण बॅटरी न बदलता केवळ मेलेला संच काढून त्या जागी दुसऱ्या जुन्या बॅटरीतील संच बसवितात. इशाऱ्याचा दिवा विझतो, गाडी विकली जाते आणि काही महिन्यांनी शेजारचा संच मरतो; कारण बाकीचे संच तितकेच म्हातारे असतात. ‘बॅटरी नुकतीच बदलली आहे’ असे विक्रेता म्हणेल, तेव्हा ती नवी की जुळविलेली हे बिलावरून ठरवावे. बिल नसल्यास बदलली नाही असेच धरावे.

३. पंखा आणि कूलंट

बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. तिला थंड ठेवण्यासाठी अनेक गाड्यांत प्रवाशांच्या भागातील हवा पंख्याने ओढून बॅटरीवरून फिरविलेली असते. या हवेचे तोंड बहुधा मागील आसनाच्या बाजूस किंवा खाली असते, आणि त्यावर एक जाळी बसविलेली असते. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवरील तांबडी धूळ, आसनावर ठेवलेल्या पिशव्या, पाळीव प्राण्यांचे केस यांनी ही जाळी बुजते. मग बॅटरी आतल्या आत तापत राहते. जाळी काढून पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यावरून मालकाने गाडी कशी राखली याचा अंदाज येतो. जाळी तांबड्या धुळीने गच्च भरलेली आढळली, तर बॅटरीची परीक्षा अधिक कसोशीने करावी.

बॅटरीतील वीज मोटरला योग्य रूपात पुरविणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टचा दाब वाढवून तो ६५० व्होल्टपर्यंत नेला जातो. इतक्या कामात उष्णता निर्माण होणारच. म्हणून इन्व्हर्टरसाठी इंजिनाहून स्वतंत्र कूलंट, स्वतंत्र टाकी व विजेचा स्वतंत्र पंप असतो. पुष्कळ मेस्त्री इंजिनाची टाकी पाहतात आणि ही दुसरी टाकी पाहावयाची राहून जाते. तीतील कूलंट पातळीइतके व स्वच्छ रंगाचे असावे. गाडी ‘रेडी’ स्थितीत असताना काही गाड्यांत टाकीतील द्रवाची हालचाल वरून दिसते. ती अजिबात दिसत नसेल तर पंपाची चौकशी करावी. या यंत्राचे महत्त्व किती आहे हे पाहावयाचे असेल, तर इन्व्हर्टरवर ताण आणणाऱ्या संगणकीय आज्ञावलीच्या दोषामुळे टोयोटाने २०१४ साली जगभरातील सुमारे १९ लाख प्रियस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, एवढे उदाहरण पुरे आहे. आपण घेत असलेल्या गाडीसाठी असे परतबोलावणे निघाले होते काय व ती दुरुस्ती झाली काय, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसी क्रमांकावरून कळू शकते.

४. इंजिन

बॅटरीच्या भीतीपोटी इंजिनाकडे दुर्लक्ष करण्याची चूक जाणत्यांकडूनही होते. वास्तविक हायब्रिड गाडीचे इंजिन एका प्रवासात अनेकदा थांबते व अनेकदा सुरू होते. लहान लहान फेऱ्यांत ते पुरते तापतही नाही. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात आणणारी नळी व तिचा शीतक काजळीने भरून जातात आणि त्याचे पर्यवसान हेड गॅस्केट जाण्यात होते, असा अनेक देशांतील अनुभव आहे. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपते व रात्रभर साचते. सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू होताना ते काही क्षण खडखडते आणि मग शांत होते. नंतर दिवसभर कसलेही लक्षण दिसत नाही.

यास्तव गाडी पहाटे वा सकाळी, रात्रभर उभी असलेल्या स्थितीतच पाहावी. विक्रेत्यास आदल्या दिवशी तसे सांगून ठेवावे, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. बॉनेट गरम असेल तर काही तरी लपविण्याचा हेतू होता असे म्हणता येणार नाही. परंतु ती परीक्षा झालीच नाही असे समजून पुन्हा जावे.

५. ब्रेक

साध्या गाडीत ब्रेक-पॅड किती झिजले हे पाहतात. हायब्रिड गाडीत ते किती कमी झिजले याचाही विचार करावा लागतो. ब्रेकचे पायपॅडल दाबताच प्रथम मोटर उलट भूमिका घेऊन जनित्र बनते व गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत साठविते. डिस्कवर पॅड आवळण्याचे काम शेवटच्या टप्प्यात किंवा जोराच्या ब्रेकच्या वेळीच पडते. पॅड दीर्घकाळ टिकतात ही गोष्ट खरी; पण न वापरलेले लोखंड गंजते हीही तितकीच खरी. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या किनाऱ्यालगतच्या वस्तीत रात्रंदिवस खारी हवा खाणाऱ्या गाडीच्या डिस्कवर खड्डे पडतात, आणि पॅड ज्या दांड्यांवर सरकतात त्या दांड्या जाम होतात. चाक काढून डिस्कच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. बाहेरची बाजू चकचकीत व आतली गंजलेली असे पुष्कळदा आढळते.

काही हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने साठवून ठेवलेला असतो. गाडी ‘रेडी’ करून, पायपॅडल न दाबता, खिडक्या बंद ठेवून ऐकावे. पंपाचा बारीक घुंकार अधूनमधून एकदा येणे स्वाभाविक आहे. तो दर काही सेकंदांनी येत असेल तर दाब आतल्या आत गळत आहे. हा दोष सपाट रस्त्यावर त्रासदायक, पण घाटात जिवावरचा आहे. बॅटरी भरल्यावर मोटरचा ब्रेक कमी होतो आणि सारा भार याच डिस्क-पॅडवर येतो, हे वर सांगितलेच आहे. म्हणून ब्रेकच्या बाबतीत किंमत कमी करून घेऊन व्यवहार पुरा करण्याची तडजोड करू नये.

६. पाणी, ओल आणि उंदीर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा माणसांच्या संसाराबरोबर असंख्य वाहनेही पाण्याखाली गेली. त्याच सुमारास खेड व महाड येथेही पूर आला. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ सालचा आणि चेन्नईचा डिसेंबर २०२३ मधील पूरही स्मरणात असतील. पूरग्रस्त गाडी आपल्या गावात राहत नाही; ती स्वच्छ होऊन परगावी विकली जाते. म्हणून ‘एमएच ०८’ हा रत्नागिरीचा क्रमांक असो वा परजिल्ह्यातील असो, प्रत्येक गाडीच्या बाबतीत ही शंका घेऊनच परीक्षा करावी.

पुराच्या पाण्याच्या खुणा साध्या असतात : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला असता टोकाशी दिसणारी चिखलाची रेघ, आसनाखालील पट्ट्यांवरचा गंज, गालिच्याखालची माती, दिव्यांच्या काचेआतील धुके व बंद गाडीतील कुबट वास. हायब्रिड गाडीत यापुढे एक पायरी जावे लागते. साध्या गाडीत बॅटरीची एक बाजू गाडीच्या सांगाड्यास जोडलेली असते. हायब्रिडच्या उच्च दाबाच्या मंडलाचा मात्र सांगाड्याशी कोठेही संबंध येऊ दिलेला नसतो. हे मंडल नारिंगी वेष्टनाच्या तारांनी ओळखता येते. या तारांना किंवा त्यांच्या जोडांना ग्राहकाने वा सामान्य मेस्त्रीने कधीही हात लावू नये, नुसते पाहावे. जोडांच्या तोंडाशी हिरवट किंवा पांढरी भुकटी जमलेली दिसली, तर ओल आत शिरली आहे.

या मंडलातून थोडीशी जरी वीज सांगाड्याकडे गळू लागली, तरी संगणक त्याची दखल घेतो व ‘पी ०एए६’ असा संकेत नोंदवितो. आता रत्नागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही गळती ओलीवर अवलंबून असते. जेथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो प्रायः चार महिन्यांत पडतो, तेथे वैशाखात कोरडी ठणठणीत असलेली गाडी मृगाच्या पहिल्या सरींनंतर एका सकाळी ‘रेडी’ होतच नाही. मे महिन्यात गाडी विकणारा कदाचित प्रामाणिकही असेल. दोष त्या वेळी खरोखरच झोपलेला असतो. म्हणून शक्य असेल तर गाडी पावसाळ्यात पाहावी. ते शक्य नसेल तर गाडी धुऊन घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावी, व स्कॅनरमध्ये जुन्या नोंदी वाचाव्यात.

वातानुकूलनाचाही याच प्रश्नाशी संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्ण हायब्रिड गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, आणि त्यात विजेस अवरोध करणारे विशिष्ट तेल लागते. रस्त्यावरील गॅस भरणाऱ्याने नेहमीच्या गाडीचे तेल त्यात घातले, तर वरीलच गळती सुरू होते. तो दोष पुढे कॉम्प्रेसर बदलल्यावाचून सहसा जात नाही. एसीचा गॅस कोठे भरला व कोणी भरला, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. इंजिन बंद असताना एसी थंड हवा देतो काय, हेही पाहावे.

उरला प्रश्न उंदीर-घुशींचा. आंबा-नारळीच्या बागेत, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर घरटी करतात, हा कोकणातील सार्वत्रिक अनुभव आहे. साध्या गाडीतील कुरतडलेली तार जोडून भागते. नारिंगी तार मात्र जोडून चालत नाही, ती संपूर्ण बदलावी लागते. इंजिनाच्या भागात आणि मागील बॅटरीच्या आसपास लेंड्या, गवत, काथ्या, कुरतडलेले वेष्टन आढळते काय, हे विजेरी घेऊन बारकाईने पाहावे.

७. ‘कमी चाललेली गाडी’

‘मालक मुंबईस असतात, गाडी फक्त गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बाहेर निघते, किलोमीटर पाहा किती कमी!’ ही शिफारस आपल्या जिल्ह्यात वारंवार ऐकू येते. साध्या गाडीच्या बाबतीत तीत काही तथ्य आहे. हायब्रिडच्या बाबतीत मात्र ही शिफारस नव्हे, सावधगिरीची सूचना होय.

गाडी उभी असतानाही बॅटरीतील साठा आपोआप थोडाथोडा उतरत असतो आणि सर्व घटांत तो सारख्या गतीने उतरत नाही. महिनोन्‌महिने असे झाले म्हणजे घटाघटांत विषमता वाढते. मुख्य बॅटरी घरच्या विजेवर भरण्याची सोय या गाड्यांत नसते. ती भरावयाची तर गाडी ‘रेडी’ करावी लागते. गाडी ‘रेडी’ करण्यासाठी पुन्हा १२ व्होल्टची लहान बॅटरी जिवंत असावी लागते, कारण संगणकास जाग आणण्याचे काम तिचे असते. ही लहान बॅटरी उभ्या गाडीत सर्वांत आधी बसते. ती दुबळी झाली की पडद्यावर नाना तऱ्हेचे खोटे इशारेही उमटू लागतात. ते पाहून चांगली गाडी सोडून देणे जितके चुकीचे, तितकेच ‘लहान बॅटरीमुळे होते’ या उत्तरावर खरा इशारा डोळ्याआड करणे चुकीचे.

याचा निवाडा कोणत्याही गॅरेजमधील साध्या मीटरने करता येतो. रात्रभर उभ्या गाडीत लहान बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या आसपास किंवा अधिक असावा. १२ च्या खाली असल्यास ती बदलावी. गाडी ‘रेडी’ केल्यावर तोच आकडा साधारण १४ पर्यंत चढला पाहिजे. तो चढला नाही, तर उच्च दाबाची वीज कमी दाबाची करून लहान बॅटरी भरणारे यंत्र बिघडले आहे, आणि ती दुरुस्ती लहान नव्हे.

८. नोंदी आणि कागदपत्रे

दिवा विझविणे सोपे आहे. स्कॅनरने दोषांचे संकेत पुसून टाकले की काही काळ पडदा निर्मळ दिसतो. परंतु पुसण्याचीही खूण राहते. संकेत पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर वाचता येतो. तो आकडा पाच-दहा किलोमीटरांचा निघाला, तर काल-परवाच काही तरी पुसले गेले आहे. का पुसले, हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे. बॅटरी बदलण्याची सूचना देणारा ‘पी ०ए८०’ हा संकेत पुसला गेलेला असला, तर गाडी काही दिवस चालविल्यावर तो पुन्हा उमटतो.

पडद्यावरील सरासरीचा आकडाही असाच सावधपणे वाचावा. ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण हायब्रिड प्रकारास प्रमाणित चाचणीत लिटरमागे २७.९७ किलोमीटर असा आकडा मिळाला. घाटांच्या आणि पावसाच्या प्रदेशात प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी येणारच. म्हणून केवळ सरासरी कमी दिसते यावरून गाडीस दोष देऊ नये. तसेच विक्रीच्या आधी उतारावर मिळविलेल्या सुंदर सरासरीवर भुलू नये.

टोयोटा, होंडा व मारुती यांनी २०२२ सालापासूनच्या या गाड्यांच्या मुख्य बॅटरीस ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर हमी दिलेली आहे. हमीचा उरलेला काळ हा गाडीच्या किमतीचाच एक भाग होय. परंतु ती नव्या मालकास मिळेल काय, सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याची नोंद लागते काय आणि अपघात वा पूर यांमुळे ती रद्द झाली आहे काय, हे अधिकृत वर्कशॉपमधून लेखी घ्यावे. विम्याचे पूर्वीचे दावे पाहावेत, कारण पुराची किंवा अपघाताची खरी हकीकत बहुधा तेथेच असते. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५, व मालकी बदलासाठी नमुने २९ आणि ३० यांची पूर्तता पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी.

९. परीक्षेचा क्रम

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम नोंदणीपुस्तक, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि विमा पाहून गाडीची जात व इतिहास निश्चित करावा. नंतर सकाळी, बॉनेट थंड असताना, लहान बॅटरीचा दाब मोजावा, स्कॅनर लावून संकेत व पुसल्याची नोंद वाचावी आणि इंजिनाचा पहिला आवाज ऐकावा. मग बॅटरीची जाळी, दोन्ही कूलंटच्या टाक्या, नारिंगी तारा, सीटबेल्ट व गालिच्याखालची जागा पाहावी. त्यानंतर सपाट रस्त्यावर चार माणसे बसवून गाडी चालवावी व गटागटाचा दाब वाचावा. शेवटी घाटात न्यावी, ती मात्र ब्रेक पाहण्यासाठी. या सर्वांस अर्धा दिवस लागतो. विक्रेता अर्धा दिवस देण्यास तयार नसेल, तर तेही एक प्रकारचे उत्तरच आहे असे समजावे.

सरतेशेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या लेखाचा हेतू हायब्रिड गाडीविषयी भय उत्पन्न करण्याचा नाही. नीट राखलेली गाडी दीर्घकाळ चालते, पेट्रोल वाचविते, आणि तिच्यातील पुष्कळसे दोष वेळीच कळल्यास दुरुस्त होणारे आहेत. भय आहे ते किमतीतील तफावतीचे. साध्या गाडीत फसलेल्या माणसाचे नुकसान काही हजारांत आवरते. येथे बॅटरी किंवा इन्व्हर्टर गेला तर शिक्षकाची वा लहान बागायतदाराची काही वर्षांची शिल्लक एका दुरुस्तीत संपू शकते. म्हणून भाव ठरविण्यापूर्वी त्या विशिष्ट गाडीच्या मुख्य बॅटरीचा आणि इन्व्हर्टरचा आजचा खर्च वर्कशॉपकडून लिहून घ्यावा, आणि तो खर्च आपल्यावर आला तर आपण तो सोसू काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. गाडीतील एक शक्ती दुसरीचे दुबळेपण झाकते; ग्राहकाच्या पदरी मात्र त्याची परीक्षा हीच एक शक्ती असते, आणि तिचे काम दुसरे कोणी करीत नाही.